डीचा आकडा एकटा वाचू नका

माझ्या फोनवर रिपोर्टचे फोटो येतात. नातेवाइकांचे, त्यांच्या मैत्रिणींचे, मैत्रिणींच्या शेजाऱ्यांचे. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये २३ वर्षं काढली की हे होतंच. फोटोत बहुतेक वेळा एकच ओळ असते: व्हिटॅमिन डी, १४, शेजारी खाली तोंड केलेला बाण. वरचं-खालचं सगळं कापलेलं. आणि प्रश्न ठरलेला, "किती गोळ्या घेऊ?"

माझं उत्तरही ठरलेलं. "अख्खं पान पाठव."

डी हे नावापुरतं व्हिटॅमिन आहे. शरीरात ते हार्मोनसारखं वागतं, आणि त्याचा पहिला संबंध येतो तो पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथींशी. डी कमी पडलं की ते आधी या ग्रंथींना कळतं. हाडांपर्यंत गोष्ट जायला महिने, कधी वर्षं लागतात. म्हणून डीच्या आकड्याशेजारी ग्रंथी काय म्हणते तेही हवं: पीटीएच (म्हणजे या ग्रंथींचं हार्मोन), कॅल्शियम, फॉस्फरस. हे चार आकडे एकत्र कसे वाचायचे ते सांगते. मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. औषध ठरवणं माझं काम नाही. पण आकडा कुठे फसवतो ते रोज डोळ्यांसमोर असतं.

आधी बघा, तपासलंय काय

रिपोर्टवर टेस्टचं पूर्ण नाव वाचा. '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असं असेल तर बरोबर टेस्ट झाली आहे. '१,२५-डायहायड्रॉक्सी' असेल तर थांबा.

यातला फरक असा. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेत डी३ तयार करतात. ते रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याच्या २५ क्रमांकाच्या कार्बनला एक हायड्रॉक्सिल चिकटतो. हे झालं साठ्याचं रूप. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून साठा मोजायला ते सोयीचं. पुढे किडनी १ क्रमांकाच्या कार्बनवर दुसरा हायड्रॉक्सिल लावते आणि कॅल्सिट्रिऑल तयार होतं. खरं हार्मोन हे. काम करतं आणि काही तासांत मोडून जातं. 'व्हिटॅमिन डी' हे नाव १९२२ चं, पण २५-हायड्रॉक्सी रूप ओळखलं गेलं १९६८ मध्ये आणि कॅल्सिट्रिऑलची रचना कळली १९७१ मध्ये. तोवर नाव इतकं रुळलं होतं की ते बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आता गंमत बघा. साठा रिकामा होत आला की पीटीएच वाढतं, आणि पीटीएच किडनीच्या मागे लागून जे काही उरलंय त्याचं कॅल्सिट्रिऑल करून घेतं. म्हणजे साठा तळाला गेलेला आणि १,२५ मात्र नॉर्मल, क्वचित चढलेलंही. "महागाचीच टेस्ट करा" म्हणणारे लोक हीच टेस्ट करून घेतात आणि 'माझं डी उत्तम आहे' म्हणत घरी जातात. १,२५ ची टेस्ट किडनीच्या आणि काही दुर्मिळ आजारांत डॉक्टर मागवतात. साठा किती आहे हे तिला विचारायचं नसतं.

एकक पण बघा. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला २.५ ने गुणलं की दुसरं मिळतं. एकाच बाईचे दोन रिपोर्ट, एकात २० आणि एकात ५०, आणि "सहा महिन्यांत अडीचपट वाढलं!" असा आनंद मी पाहिलेला आहे. काहीही वाढलेलं नव्हतं.

ग्रंथीत काय होतं

पॅराथायरॉइड ग्रंथी बहुतेकांना चार असतात. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, प्रत्येकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. इतक्या बारीक की माणसाच्या शरीरात त्या शेवटपर्यंत निसटल्या. १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांना त्या आधी सापडल्या त्या एका भारतीय गेंड्यात, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन इवार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने १८८० मध्ये छापलं. गेंडा मोठा, म्हणून त्याच्या ग्रंथीही दिसण्याजोग्या, एवढंच.

या पेशींच्या अंगावर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की काही सेकंदांत पीटीएच बाहेर पडतं. ते तीन कामं करतं. हाडांतून कॅल्शियम मोकळं करतं. किडनीला कॅल्शियम धरून ठेवायला आणि फॉस्फरस टाकून द्यायला लावतं. आणि किडनीकडून कॅल्सिट्रिऑल बनवून घेतं, म्हणजे आतडी अन्नातून जास्त कॅल्शियम ओढतील.

मग ते कॅल्सिट्रिऑल परत याच ग्रंथीकडे येतं. पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथल्या रिसेप्टरला धरतं, आणि ती जोडी पीटीएचच्या जनुकावर जाऊन त्याचं उत्पादन कमी करते. शिवाय कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर वाढवते, म्हणजे ग्रंथीला 'पुरे झालं' हे लवकर कळतं. पेशींची वाढही आटोक्यात ठेवते.

डी कमी पडलं की ग्रंथीवर दोन बाजूंनी बोजा येतो. आतड्यांतून कॅल्शियम कमी येतं, म्हणून तिला जास्त काम. आणि तिला थांबवणारा हातही सैल पडलेला. ती पीटीएच ओतत राहते, हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरत राहते. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ९.३, झकास नॉर्मल. माणूस म्हणतो, कॅल्शियम ठीक आहे की! ठीक आहेच, पण ते ठीक ठेवण्याचा खर्च कुणाच्या खात्यातून होतोय ते पीटीएच सांगतं.

सॅम्पल देताना

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धे घोळ इथेच होतात, आणि त्यातला एक मी स्वतः केलेला आहे.

कामाला लागून दुसरं वर्ष. एक काका आले, नस बारीक, रक्त हळूहळू येत होतं. जांभळ्या झाकणाची ट्यूब भरून गेली आणि पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये तळाला जेमतेम आलं. पुन्हा सुई नको म्हणून मी जांभळीतलं थोडं रक्त पिवळीत ओतलं. तासाभराने मशीनवर आकडे आले: कॅल्शियम ५.१, पोटॅशियम १२. हे आकडे खरे असते तर माणूस जिवंत राहणं कठीण. आणि काका बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होते. आमच्या सीनियर बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ओतलंस का?"

जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला पकडून ठेवतं. त्यातला थेंबभर जरी कॅल्शियमच्या ट्यूबमध्ये गेला तरी कॅल्शियम पडतं आणि पोटॅशियम चढतं. पण पीटीएचसाठी तीच जांभळी ट्यूब चांगली, कारण त्यात ते जास्त वेळ टिकतं. नुसत्या सीरममध्ये, खोलीच्या तापमानाला तासन्‌तास राहिलं तर पीटीएच मोडत जातं आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणजे एकाच हातातून, एकाच वेळी, दोन वेगळ्या ट्यूब. पिवळी आधी, जांभळी नंतर. तुम्ही खुर्चीत बसलेले असाल तर हा क्रम सहज बघू शकता. विचारलंत तर चांगली टेक्निशियन रागावत नाही.

दुसरं, दंडाचा पट्टा. नस शोधताना पट्टा एक मिनिटाहून जास्त आवळून ठेवला की पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं दाट होतात आणि त्यांना चिकटलेलं कॅल्शियमही वाढलेलं दिसतं. सीमेवरचं १०.६ कॅल्शियम असेल तर घाबरण्याआधी पुन्हा द्या, पट्टा पटकन सोडायला सांगा, मूठ आवळत-उघडत बसू नका. सकाळी, उपाशीपोटी दिलंत तर उत्तम. कॅल्शियमची गोळी त्या सकाळी घेऊ नका, रक्त दिल्यावर घ्या.

तिसरं, केसांच्या गोळ्या. त्यात बायोटिन असतं, बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक मशीनवरच्या टेस्ट बायोटिनच्याच जोडणीवर चालतात आणि बाहेरून आलेलं बायोटिन मध्ये लुडबुड करतं. अशा मशीनवर पीटीएच खोटं कमी दिसतं, टीएसएच (थायरॉइडची नेहमीची टेस्ट) खोटं कमी, आणि डी खोटं जास्त. एकाच बाटलीने तिन्ही आकडे बिघडवले! लॅबला आधी सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा. "हे काय औषध थोडंच आहे" म्हणून लोक सांगतच नाहीत.

आणि शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून याच सुईत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांचा हिशेब सांगणारं एन्झाइम) आणि मॅग्नेशियमही करून घ्या. का ते पुढे येईल.

आता चार आकडे शेजारी मांडा

खाली जे आकडे देते ते सर्वसाधारण आहेत. तुमच्या लॅबची रेंज रिपोर्टवरच छापलेली असते, ती धरा. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम, फॉस्फरस २.५ ते ४.५, पीटीएच १० ते ६५ पिकोग्रॅम. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक १ च्या तुटीमागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवा. अंथरुणाला खिळलेल्या आजीचं कॅल्शियम ७.९ आणि अल्ब्युमिन ३ असेल तर खरं कॅल्शियम ८.७ च्या आसपास, म्हणजे ठीक.

*डी कमी, पीटीएच चढलेलं, कॅल्शियम नॉर्मल, फॉस्फरस खालच्या अंगाला.* सगळ्यात जास्त दिसणारं चित्र हेच. ग्रंथी ओरडून मागते आहे. अल्कलाइन फॉस्फटेजही वर असेल तर हाडं बऱ्याच दिवसांपासून झीज सोसताहेत. डी भरून काढलं की हे चित्र हळूहळू सुधारतं.

*डी कमी, पीटीएच शांत, बाकी सगळं जागेवर.* लाल बाण बघून लोक इथेच घाबरतात, आणि इथे घाबरण्यासारखं सगळ्यात कमी असतं. २० नॅनोग्रॅम ही रेषा अशी ठरवलेली आहे की तिच्यावर असलेल्या जवळपास सगळ्यांचं भागतं. याचा अर्थ तिच्याखालचा प्रत्येक जण आजारी असा होत नाही. १७ वर असलेल्या माणसाचं पीटीएच ३५ असेल तर त्याच्या ग्रंथीची तक्रार नाही. मात्र मॅग्नेशियम एकदा बघा. मॅग्नेशियम फार उतरलं की ग्रंथीला पीटीएच सोडताच येत नाही. ती गप्प असते ती समाधानाने नव्हे, आवाज बसल्यामुळे. बराच काळ ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांत किंवा सतत जुलाब होणाऱ्यांत हे सापडतं.

*डी कमी, पीटीएच चढलेलं, आणि कॅल्शियमही चढलेलं.* हे लक्षात राहू द्या. इथे माझी मावसबहीण.

तिच्याही रिपोर्टची एकच ओळ मला आली होती. डी ११. दोन वर्षांत तिने दोनदा डीचा कोर्स केला होता, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, आणि मधल्या काळात दोनदा मुतखडा. मी अख्खं पान मागवलं. कॅल्शियम ११.१. अल्ब्युमिन ४.२, म्हणजे कॅल्शियम खोटं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, पीटीएच केलंय कधी?" नव्हतं केलेलं. केलं, १४८ आलं. फॉस्फरस २.३.

विचार करा. कॅल्शियम ११.१ असताना ग्रंथीने गप्प बसायला हवं. डी कमी असल्यामुळे पीटीएच वाढलं असतं तर कॅल्शियम नॉर्मल किंवा त्याखाली असतं. इथे ग्रंथी कुणाचं ऐकतच नव्हती. चारातली एक गाठ होऊन स्वतःच्या मर्जीने पीटीएच ओतत होती. आणि डी कमी का? तर चढलेलं पीटीएच साठ्यातलं डी झपाट्याने वापरून, मोडून टाकतं. म्हणजे ११ हा आजार नव्हताच, तो आजाराचा मागमूस होता. दोन वर्षं सगळे मागमुसावर औषध देत होते.

असल्या रुग्णाला डी द्यायचंच नाही असं नाही. डॉक्टर देतात, पण बेताने आणि कॅल्शियमवर नजर ठेवून. ते आपल्या मनाने करायचं काम नव्हे.

डावीकडची खालची ग्रंथी सुजून वालाच्या दाण्यापेक्षा मोठी झाली होती. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच होते, पण आत काय चाललं असेल ते मला पाठ आहे, कारण आमच्याकडेही अशी सॅम्पल येतात. ट्यूब बर्फात, वॉर्डबॉय धावत, फोनवर सर्जन. पीटीएचचं रक्तातलं आयुष्य काही मिनिटांचं. गाठ काढली आणि दहा मिनिटांनी आकडा निम्म्याहून खाली आला, तर बरोबर तीच काढली. नाही आला तर अजून एक कुठेतरी आहे. तिचं १६२ वरून २८ वर आलं. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, कारण उपाशी हाडं आता कॅल्शियम परत ओढून घेत होती. त्याची तयारी डॉक्टरांनी आधीच ठेवली होती.

ही सोय नव्हती तेव्हाची एक हकिगत मी नव्या मुलींना सांगते. चार्ल्स मार्टेल नावाचा अमेरिकेतला जहाजाचा कप्तान. हाडं इतकी पोखरली की उंची कित्येक इंचांनी कमी झाली. १९२६ पासून त्याच्या मानेत पुन्हा पुन्हा शोध घेतला, सहा शस्त्रक्रिया झाल्या, गाठ सापडेना. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीत सापडली. पण तोवर फार उशीर झाला होता. काही आठवड्यांतच तो गेला.

*कॅल्शियम चढलेलं, पीटीएच तळाला.* ग्रंथी शहाण्यासारखी गप्प आहे, कॅल्शियम दुसरीकडून येतंय. यात गंभीर आजारही असतात, म्हणून हा रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पण डीचा अतिरेक हेही एक कारण आहे. आमच्या एका काकांनी आठवड्याची गोळी रोज घेतली. अडीच महिने. चिठ्ठीवर लिहिलेलं बरोबर होतं, काकांनी चष्मा न लावता वाचलं. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, आणि बोलताना मध्येच हरवायला लागले. घरच्यांना वाटलं, वय झालं. कॅल्शियम १२.९, पीटीएच ६, आणि डीच्या जागी मशीनने आकडा दिलाच नाही, '१५० पेक्षा जास्त' एवढंच. डी चरबीत साठतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी कॅल्शियम खाली यायला कित्येक आठवडे गेले.

*क्रिएटिनिन चढलेलं, फॉस्फरस चढलेलं, पीटीएच चढलेलं.* किडनीचं चित्र. साठा असला तरी किडनीला त्याचं कॅल्सिट्रिऑल करता येत नाही. साधं डी इथे पुरेलच असं नाही, आणि निर्णय सर्वस्वी किडनीच्या डॉक्टरांचा.

*कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी.* बहुधा थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असतं आणि त्यात शेजारच्या या ग्रंथी दुखावलेल्या असतात. पीटीएचच नाही म्हणून किडनीला हुकूमच मिळत नाही. अशांना डॉक्टर तयार कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल देतात. बोटांना मुंग्या, पायात गोळे, आणि शेजारीण म्हणते "माझी डीची गोळी घे". तिची गोळी वेगळी, तुमची वेगळी. डबीवर 'कोलेकॅल्सिफेरॉल' म्हणजे साठ्याचा कच्चा माल. 'कॅल्सिट्रिऑल' म्हणजे तयार हार्मोन, त्याला ग्रंथीचा आणि किडनीचा लगाम नाही. ते कधीही आपल्या मनाने सुरू करू नका.

बाकीच्या ग्रंथींचं काय

इथे मी जरा हात आखडता घेते, कारण लोकांच्या अपेक्षा फार आणि हाती पुरावा थोडा.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत डीचे रिसेप्टर आहेत, हे खरं. डीची कमतरता असलेल्या उंदरांत इन्सुलिन कमी स्रवतं हे १९८० मध्येच दाखवलं गेलं. पण माणसात? मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, रोज ४,००० युनिट विरुद्ध औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. निकाल २०१९ मध्ये आला. डी घेणाऱ्यांत २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांत ३२३ जणांना. फरक दिसतो, पण तो योगायोगाचाही असू शकेल इतका लहान. डीने मधुमेह टळतो असं मी कुणाला सांगत नाही. डीने साखरेची गोळी बंद होते असं कुणी सांगितलं तर त्याला भाव देऊ नका.

थायरॉइडचं जास्त विचारलं जातं. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्या लोकांत डी कमी सापडतं. पण आजारामुळे कमी की कमीमुळे आजार, हे त्यावरून ठरत नाही. टीएसएच ९ असेल तर थायरॉक्सिनच्या जागी डी चालत नाही. थायरॉइडच्याच आत कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, कॅल्सिट्रिऑल त्यांनाही आवरतं. रोजच्या व्यवहारात त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

रक्तदाबाचं हार्मोन रेनिन. डीचा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत ते चढतं, हे २००२ मध्ये दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. डी देऊन माणसांचं ब्लड प्रेशर मात्र म्हणावं तसं उतरलं नाही. बीजांडकोश आणि वृषणांतही रिसेप्टर आहेत, पीसीओएसवर (बायकांच्या बीजांडकोशाचा हार्मोनचा त्रास) अभ्यास चालूच असतात, निकाल एका दिशेने जात नाहीत. रिसेप्टर आहे म्हणून गोळीचा फायदा आहे, ही उडी जाहिराती मारतात.

गोळीचं पाकीट आणि पुन्हा तपासणी

पाकिटावर कधी मायक्रोग्रॅम असतं, कधी युनिट. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. २५ मायक्रोग्रॅम बघून "एवढंसंच?" म्हणू नका, ते १,००० युनिट आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ठरवलेली रोजची गरज ७० वर्षांपर्यंतच्या मोठ्यांना ६०० युनिट, त्यापुढे ८००. आणि देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, हाडांची पावडर, सगळ्यांत डी घातलेलं असतं. एकदा सगळ्या डब्या टेबलावर मांडा आणि बेरीज करा. वहीत लिहून.

वर्षाचा डोस एकदाच घेऊन मोकळं होऊ, असंही करू नका. सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं होतं. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डी घेणाऱ्या बायकाच जास्त पडल्या होत्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. थोडं आणि नियमित, हेच बरं.

मिरगीचं फेनिटॉइन, क्षयाचं रिफाम्पिसिन ही औषधं डी लवकर मोडतात. लिथियम आणि थायझाइड कॅल्शियम चढवू शकतात. यातलं काही चालू असेल तर रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवा. डॉक्टर बदलले तरी कागद बोलतो.

पुन्हा तपासायचं तर तीन महिन्यांनी. त्याआधी साठा स्थिरावलेलाच नसतो, पंधरा दिवसांनी टेस्ट करणं म्हणजे भात शिजायच्या आत झाकण उघडणं. त्याच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे जुळतीलच असं नाही. आणि डी २८ झालं तरी पीटीएच अजून ८० दिसलं तर लगेच गोळ्या वाढवू नका. वर्षानुवर्षं जास्त काम करून ग्रंथी फुगलेली असते, तिला उतरायला डीपेक्षा जास्त महिने लागतात. कॅल्शियम नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, आणि पीटीएच मागच्या वेळेपेक्षा खाली आलेलं असेल तर तोच डोस चालू ठेवायचा का, एवढंच डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम १०.५ च्या वर सरकलं असेल तर मात्र तो प्रश्नच बदलला, आणि वर मावसबहिणीचं लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचा.